फ्रेंच भाषेतील पाहावाच असा एखादा थरारपट कोणता आणि तो कोणी घडवला?

मी आंरी-जॉर्ज क्लुझो यांचा १९५३ सालचा ‘ल सालेर द ला पर’, म्हणजे ‘भीतीची मजुरी’, हा चित्रपट सुचवेन. जॉर्ज आर्नो यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या कथेत दक्षिण अमेरिकेतील एका गावात अडकून पडलेले चार परदेशी पुरुष, तेलविहिरीची आग विझवण्यासाठी लागणारे नायट्रोग्लिसरीन दोन ट्रकांतून खडबडीत डोंगरी रस्त्याने नेण्याचे काम पैशासाठी पत्करतात. जोराच्या हादऱ्यानेही स्फोट होईल, हे एकदा कळले की रस्त्यातला प्रत्येक खड्डा आपल्या अंगावर येतो. सुरुवातीचा बराच वेळ क्लुझो गावातल्या बेकारीला आणि कंटाळ्याला देतात. तो भाग संथ वाटला तरी सोडू नका, कारण ही माणसे मरणाचा धोका का पत्करतात, हे तिथेच उमगते. इव्ह माँताँ आणि शार्ल व्हानेल यांच्या पात्रांमधील पालटत जाणारे नाते हा माझ्या मते चित्रपटाचा प्राण आहे. छायाचित्रण आर्मां तिरार यांचे, तर संगीत जॉर्ज ओरिक यांचे आहे. चित्रीकरण मात्र दक्षिण फ्रान्समध्येच झाले. फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार आणि बर्लिन महोत्सवाचे सुवर्ण अस्वल हे दोन्ही सन्मान त्याला १९५३ मध्येच मिळाले.