महामारीच्या काळात रोजगार प्रशिक्षणाला गैरहजर राहणाऱ्यांचं रेशन थांबवावं का?

नाही. धान्य कार्डावर मिळतं, हजेरीवर नाही. मे-जून २०२० मध्ये कार्डच नसलेल्या स्थलांतरित मजुरांनाही माणशी ५ किलो द्यायचं ठरलं होतं. त्यांची हजेरी कुठल्या वर्गात लावणार होतात?

खरा घोळ तेव्हा मापाशी व्हायचा. एप्रिल २०२० पासून नेहमीच्या स्वस्त धान्याशिवाय माणशी ५ किलो मोफत सुरू झालं; हे जादा धान्य डिसेंबर २०२२ नंतर बंद झालं. प्राधान्य कार्डावर, म्हणजे जिथे स्वस्त धान्यही माणशी ५ किलो असतं तिथे, सहा माणसं असतील तर ३० किलो विकतचं, ३० मोफत मिळायचं. अंत्योदय हे सर्वांत गरीब घरांचं कार्ड, त्यावर माणसं कितीही असोत, ३५ किलो; म्हणून सहा असतील तर ३५ आणि ३०. एकटी आजी अंत्योदयवर असेल तर ३५ आणि ५. शेजारणीला ६५ आणि मला ४० का, यावरून दुकानात भांडणं व्हायची. म्हणून कुठलं धान्य ‘कार्डामागे’ आणि कुठलं ‘माणशी’, हे फळ्यावर ठळक लिहा. असं दुहेरी वाटप असेल तेव्हा दोन्ही धान्यांच्या पावत्या वेगळ्या निघायला हव्यात. एकच हातात पडली तर तिथल्या तिथे विचारायचं.

एका कार्डाला चार मिनिटं धरली तर तासाला १५, आठ तासांत १२० कार्डं होतात. टोकनं मात्र १००च वाटा, अंगठा घेणाऱ्या मशीनची रेंज जातेच. पाच-पाच किलोच्या पिशव्या आदल्या रात्री भरून ठेवल्या तर वेळ वाचतो, पण धान्य घेणाऱ्यासमोर वजन पुन्हा करायचं. नाहीतर पिशवीमागे पाव किलो कधी गेलं ते कळतही नाही.

‘अंगठा नाही तर धान्य नाही’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं वाकडं आहे. सॅनिटायझरने ओलं झालेलं बोट मशीन घेत नाही आणि गवंड्याचं झिजलेलं बोट कोरडं असूनही घेत नाही. तो तिसऱ्यांदा सदऱ्याला बोट पुसतो, मागची रांग पुढे सरकते आणि अंतराच्या चौकटी खडूपुरत्या उरतात. महाराष्ट्रात तेव्हा दुकानदाराच्याच अंगठ्यावर वाटप करायची मुभा दिली, ते योग्यच झालं.

आता हेही खरं, की त्या मुभेत न आलेल्या माणसाचं धान्य उचललेलं दाखवता येतं. त्यासाठी वहीत कार्डाचे शेवटचे चार आकडे, किलो आणि मोबाइल नंबर लिहा. दुसऱ्या दिवशी त्यातल्या दहा घरांना फोन करा. फोन दुकानदाराने करायचा नाही.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर थिअरी मोबाइलवर होते, वेल्डिंग होत नाही. वीस जणांच्या तुकडीच्या दहा-दहाच्या दोन पाळ्या केल्या की निदेशकाचे तास दुप्पट होतात. ते मानधनात धरले नाहीत तर दुसरी पाळी फक्त हजेरीपटावर भरते.

दोन्ही जोडायचंच असेल तर उलटं जोडा: प्रशिक्षणार्थीच्या घरच्यांना संध्याकाळचं टोकन द्या, म्हणजे रेशनसाठी त्याचा वर्ग बुडणार नाही.