लोकांना विल्यम हवे होते, तर चार्ल्स राजे कसे झाले?

आपला प्रश्न असा आहे की, राणी एलिझाबेथ यांच्या हयातीत झालेल्या कित्येक जनमत चाचण्यांत लोकांची पसंती नातवाला, म्हणजे विल्यम यांना होती, तरीही गादी चार्ल्स यांच्याकडेच गेली; मग ब्रिटनमध्ये लोकमताला काही किंमत आहे की नाही?

वारस कोण हे ठरवताना तिथे लोकांची पसंती विचारली जात नाही, आणि राजाची किंवा राणीचीही विचारली जात नाही. तो अधिकार संसदेने केलेल्या कायद्याचा आहे. १७०१ च्या ‘ॲक्ट ऑफ सेटलमेंट’ने गादी हॅनोव्हर या जर्मन राज्याच्या सोफियाच्या (इंग्लंडच्या पहिल्या जेम्सच्या नातीच्या) प्रॉटेस्टंट वंशजांपुरती बांधून टाकली, आणि आजचा क्रमही त्याच कायद्याच्या चौकटीत लागतो. त्यामुळे राणीने मनात आणले असते तरी मुलाला डावलून नातवाला वारस नेमणे तिच्या हाती नव्हते. तिथे दत्तक मुलालाही गादीवर हक्क नाही. (हे लिहिताना दत्तक नामंजूर करून १८४८ साली खालसा केलेले साताऱ्याचे राज्य आठवल्यावाचून राहत नाही, पण तो विषय वेगळा.)

८ सप्टेंबर २०२२ रोजी स्कॉटलंडमधील बाल्मोरल येथे राणीचे निधन झाले, त्याच क्षणी चार्ल्स राजे झाले होते. दोन दिवसांनी सेंट जेम्स राजवाड्यात जी सभा भरली, तिने ही गोष्ट विधिपूर्वक जाहीर केली, एवढेच. म्हणजे लोकांचे मत घ्यावे अशी फट मध्ये उरतच नाही.

राहिला स्वतःहून बाजूला होण्याचा मार्ग. नेदरलँड्समध्ये २०१३ साली बिआट्रिक्स आणि डेन्मार्कमध्ये जानेवारी २०२४ मध्ये मार्ग्रेथे मुलांच्या हाती गादी सोपवून मोकळ्या झाल्या. ब्रिटनमध्ये मात्र गादी सोडणे या शब्दांना १९३६ चा वास आहे. त्या वर्षी घटस्फोटित स्त्रीशी विवाह करता यावा म्हणून आठव्या एडवर्डने गादी सोडल्याच्या पत्रावर सही केली, तरी ती पुरेशी ठरली नाही. संसदेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. शिवाय तब्बल ७० वर्षे वारस म्हणून वाट पाहिलेल्या माणसाने ऐन वेळी मागे सरावे, ही अपेक्षाच मला भाबडी वाटते. चार्ल्स यांच्याआधी सर्वांत जास्त काळ ताटकळलेला युवराज म्हणजे सातवा एडवर्ड, तोच ज्याच्या अश्वारूढ पुतळ्यावरून मुंबईच्या काळा घोडा भागाला नाव पडले. तोही ५९ वर्षे थांबला होता.

त्या चाचण्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे. ‘पुढचा राजा कोण व्हावा?’ या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याला काहीच गमवावे लागत नाही. तरुण विल्यम यांच्या चेहऱ्यात लोकांना त्यांच्या आई, चार्ल्स यांच्या पहिल्या पत्नी डायना दिसत होत्या आणि चार्ल्स यांच्यावर मोडलेल्या संसाराचा ठपका होता. त्या आकड्यांत घटनाबदलाच्या मागणीपेक्षा हा जुना राग जास्त होता, असे माझे मत आहे. चार्ल्स गादीवर आल्यावर काही दिवसांतच, ते चांगले राजे ठरतील असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले, ते उगाच नाही.

मात्र यावरून लोकमत निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढू नये. १९९७ साली डायना यांच्या मृत्यूनंतर बकिंगहॅम राजवाड्यासमोर फुलांचे ढीग साचत होते आणि वरची ध्वजकाठी रिकामी होती, कारण राजा किंवा राणी निवासात असतानाच तिथे शाही ध्वज लावायचा आणि तो कधीही अर्ध्यावर उतरवायचा नाही, असा रिवाज होता. लोकांना त्या रिवाजाशी कर्तव्य नव्हते. त्यांना रिकामी काठी दिसत होती. अखेर राणी बाल्मोरलहून लंडनला परतली, ५ सप्टेंबरला दूरचित्रवाणीवर बोलली, आणि अंत्यसंस्काराच्या दिवशी त्या काठीवर ‘युनियन जॅक’ हा राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवलेला दिसला. चार्ल्स यांच्या दुसऱ्या पत्नी कॅमिला यांच्या बाबतीतही तेच. २००५ च्या विवाहाच्या वेळी, चार्ल्स राजे झाल्यावर त्यांना राणी न म्हणता ‘प्रिन्सेस कॉन्सर्ट’ म्हटले जाईल असे जाहीर झाले होते. राग निवळायला सतरा वर्षे दिली गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये राणीने त्यांना ‘क्वीन कॉन्सर्ट’, म्हणजे राजाची पत्नी म्हणून राणी, म्हणावे अशी इच्छा व्यक्त केली.

काळाचे भान कधी कधी कायद्यापर्यंतही पोचते. मुलगा धाकटा असला तरी थोरल्या बहिणीच्या पुढे जाई, तो नियम २०१३ च्या कायद्याने काढला. त्यासाठी हाच राजमुकुट मानणाऱ्या, ब्रिटनसह सोळा देशांची संमती लागली आणि कायदा मार्च २०१५ मध्ये अमलात आला. त्यानंतर पाचच आठवड्यांनी विल्यम यांची मुलगी शार्लट जन्मली. २०१८ मध्ये भाऊ लुई आला तरी तिची जागा ढळली नाही.

राजघराण्याला खरी काळजी ‘चार्ल्स की विल्यम’ याची नसावी. राजेशाही ‘अतिशय महत्त्वाची’ आहे असे १९८३ साली सुमारे ६५ टक्के लोक म्हणत; २०२३ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास आला होता, आणि तरुणांमध्ये तर आस्था फारच कमी आढळते. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते, पण ज्याला काही देणेघेणेच नाही त्याच्यापुढे कोणता ध्वज उतरवणार?

लोकमताचा जोर कुठवर चालतो, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये नेमके दिसले. लैंगिक गुन्हेगार जेफ्री एपस्टीनशी असलेल्या संबंधांवरून उसळलेल्या लोकांच्या संतापापुढे राजाने धाकट्या भावाकडून, अँड्र्यू यांच्याकडून ‘प्रिन्स’ ही उपाधी काढून घेतली आणि घर सोडण्यास सांगितले. वारसांच्या यादीतला त्यांचा आठवा क्रमांक मात्र त्या घोषणेने हलला नाही, कारण तो पुसायचा तर संसदेला कायदाच करावा लागतो.