सेफेर तोरा चर्चच्या इमारतीत?

प्रश्न : आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, राहतो निपाणीत. लेकीच्या अमेरिकेतल्या ज्यू समाजानं आपलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, विकलं. आता चर्चच्या इमारतीत शब्बाथ, म्हणजे शनिवारची प्रार्थना, करणार. माझा जीव थाऱ्यावर नाही. – एक आजी

उत्तर : आजी, काळजी रास्त आहे. सामुदायिक प्रार्थनेला स्वतःची वास्तू लागत नाही, दहा प्रौढांचा मिन्यान, म्हणजे गट, लागतो. पण क्रॉस असलेल्या खोलीला ऑर्थोडॉक्स (कर्मठ) रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, हरकत घेतात. लेकीला सांगा, बाजूचा हॉल मागून घ्या. सेफेर तोरा म्हणजे तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी, हातानं चामड्यावर लिहिलेली, तिला कुलपाचं कपाट हवंच. चाकांचं चालतं, फक्त प्रार्थनेच्या वेळी जेरुसलेमच्या दिशेला लावायचं : तिकडे पूर्वेला, तुम्हाला निपाणीत पश्चिमेला. ज्यूंचा शनिवार, चर्चचा रविवार, त्यामुळे वारांची अडचण नाही. पेसाह (ज्यूंचा वल्हांडण सण) नि ईस्टर मात्र पुष्कळदा लागून येतात. त्या तारखा आणि स्वयंपाकघर आधीच ठरवून घ्यावं.