पीएफटी नॉर्मल आली, मग सिगारेटने फुप्फुसं खराब होतात हे कितपत खरं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय ३८, १५ वर्षं रोज ८-१० सिगारेटी, तपासणीत पीएफटी (जोराने फुंकायला लावून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) नॉर्मल, जिना चढताना धापही लागत नाही. मग हा सगळा बागुलबुवाच नाही का?

मी डॉक्टर नाही, पीएफटी घेणारा तंत्रज्ञ आहे. दिवसभर लोकांवर "फुंका, फुंका, अजून फुंका, सोडू नका" असं ओरडणं हे माझं काम. त्यामुळे तुमच्या हातातल्या त्या कागदाबद्दल तरी मला बोलता येईल.

तो कागद तुमची तुलना तुमच्याशी करतच नाही. वय, उंची, स्त्री की पुरुष यावरून मशीन एक अपेक्षित आकडा काढतं आणि ढोबळमानाने त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असलात की नॉर्मल छापून येतं. समजा, तुमची फुप्फुसं मुळात दणकट होती, ११० टक्क्यांची, आणि आज ८५ वर आली आहेत. रिपोर्ट नॉर्मलच! मधले २५ टक्के कुठे गेले हे त्या कागदाला माहीतच नाही, कारण विशीतला तुमचा रिपोर्ट कुणी काढून ठेवलेला नसतो.

दुसरी गोम अशी की धूर सुरुवातीला नासवतो त्या २ मिलिमीटरपेक्षाही बारीक नळ्या. त्या इतक्या असंख्य असतात की बऱ्याच बुजल्या तरी एकूण हवेला फारसा अडथळा होत नाही. डॉक्टर या भागाला फुप्फुसाचं मूक क्षेत्र म्हणतात. पुढे वायुकोशांच्या भिंतीच विरत जातात. फुगा जुना होऊन सैल पडावा तसं फुप्फुस सैल पडतं, हवा आत जाते पण नीट बाहेर पडत नाही. या भिंती पुन्हा बांधल्या जात नाहीत.

आता रिपोर्टमध्ये एफईव्ही-वन शोधा. जोर लावून फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, तो आकडा. सिगारेट न ओढणाऱ्याचाही तो पंचविशी-तिशीनंतर वर्षाला साधारण ३० मिलिलिटरने घटतो. अमेरिका आणि कॅनडात ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांचा ११ वर्षं मागोवा घेतला गेला. सिगारेट सोडून पुन्हा न धरलेल्या पुरुषांची घट वर्षाला ३० च्या आसपास होती, ओढत राहिलेल्यांची ६६. या लोकांच्या फुप्फुसांत आधीच थोडा अडथळा होता, म्हणून तुमचा वेग तोच असेल असं मी म्हणणार नाही. काहींची फुप्फुसं चिवट असतात. (प्रत्येक घरात ८५ पर्यंत ओढणारे एक आजोबा असतात, त्यांचं नाव निघण्याआधीच मान्य करून टाकतो.) पण हिशोब करून बघा. आज ३,८०० मिलिलिटर असतील आणि वर्षाला ६० गेले तर सत्तरीत उरतात १,८८०. वर्षाला ३० गेले तर २,८४०. पहिल्या माणसाला सपाट रस्त्यावरही मधेच थांबावं लागेल अशी दाट शक्यता असते. तो माझ्यासमोर येतो तेव्हा हमखास म्हणतो, "गेल्या वर्षापर्यंत काहीच त्रास नव्हता हो."

तुम्ही सोडलंत तर गेलेलं बहुतेक परत येत नाही, पण घसरण न ओढणाऱ्याच्या वेगावर येते. म्हणून नॉर्मल रिपोर्ट हातात असताना सोडणं सगळ्यात फायद्याचं. ब्रिटनमध्ये १९५१ पासून डॉक्टरांवरच ५० वर्षं अभ्यास झाला. त्यात आयुष्यभर ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. चाळिशीत सोडणाऱ्यांना त्यातली सुमारे ९ वर्षं परत मिळाली.

"मग दोनवर आणतो" हे मी रोज ऐकतो. फुप्फुसांना त्याने थोडाफार फरक पडेल, पण हृदय हा हिशोब मानत नाही. दिवसाला २० सिगारेटींनी हृदयविकाराचा धोका जितका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा एकाच सिगारेटने वाढतो. शिवाय कमी करणारा माणूस प्रत्येक झुरका जास्त खोल ओढतो. लाइट सिगारेटचंही तेच.

सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला आणि कफ वाढू शकतो. नळ्यांतली कफ वर ढकलणारी केसाळ अस्तरं धुराने लुळी पडलेली असतात, ती पुन्हा कामाला लागतात. "सोडल्यापासून त्रास वाढला" म्हणत लोक नेमके इथेच परत पेटवतात. मात्र कफात रक्त दिसलं किंवा वजन उगाच उतरायला लागलं तर थेट डॉक्टर गाठा. तल्लफ आवरत नसेल तर निकोटिनचे पॅच, च्युइंगगम आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या आहेत. नुसत्या जिद्दीपेक्षा त्यांच्या मदतीने सोडणाऱ्यांना जास्त यश येतं.

आणि तो रिपोर्ट फेकू नका. वर्षभराने शक्यतो त्याच मशीनवर पुन्हा फुंका आणि टक्के बाजूला ठेवून लिटरचा आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहा. १०० मिलिलिटर इकडेतिकडे झाले तर घाबरू नका, तेवढा फरक एकाच दिवशी दोन फुंकरींतही पडतो. कल कळायला तीन-चार वर्षांचे आकडे लागतात.