भारतात आई-वडील आणि डोक्यावर क्रेडिट कार्डांचं कर्ज असताना अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्स मिळतो का?

क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय सरकारी माहिती हाताळायची परवानगी, मिळू शकतो. मी इथे एका संरक्षण कंत्राटदाराच्या सिक्युरिटी ऑफिसात काम करतो आणि हीच धास्ती घेऊन आलेले आपले बरेच लोक पाहिलेत. तुम्ही लिहिलंय, आई-वडील साताऱ्याला, भाऊ राज्य सरकारच्या नोकरीत, आणि ले-ऑफनंतर दोन कार्डं थकलेली. तुम्हाला काळजी भावाची वाटतेय. मला कार्डांची वाटते.

निर्णय २०१७ पासून लागू असलेल्या 'सीड ४' या सरकारी नियमावलीतल्या १३ निकषांवर होतो. परदेशी प्रभावाचा निकष 'बी', पैशांच्या व्यवहाराचा 'एफ'. नातेवाईक परदेशात आहेत एवढ्यावरूनच 'बी'खाली नकार येत नाही. देश कोणता, नातेवाईक काय काम करतात, त्यांना धरून तुमच्यावर दबाव आणता येईल का, हे बघतात. म्हणून भाऊ कुठल्या सरकारी खात्यात, कुठल्या हुद्द्यावर आहे ते सरळ लिहा. आई-वडिलांशी फारसं बोलणं नसतं, असं दाखवू नका. जवळच्या नात्यातला संबंध किरकोळ नसतो हे ते धरूनच चालतात, सासरच्यांच्या बाबतीतही. तुमच्या बाजूने बोलतं ते इथलं बस्तान: किती वर्षं राहताय, घर, बायको-मुलं, नोकरी, बचत.

एसएफ-८६ हा क्लिअरन्सचा फॉर्म भरताना आपली माणसं हमखास अडकतात ती सातबाऱ्यावर. परदेशात कधी जमीन-घर होतं का, पुढे मिळण्याची शक्यता आहे का, असं त्यात विचारलेलं असतं. वडिलोपार्जित शेतावर वारस म्हणून नाव चढलेलं असतं, पण 'कसतो भाऊ, मला त्यातलं काही नको' म्हणून लोक ते लिहीतच नाहीत. आईबरोबरचं बँकेतलं जॉइंट खातंही असंच राहून जातं. दोन्ही लिहा. जमिनीने सहसा काही बिघडत नाही. ती लपवल्याचं पुढे तपासात निघालं, तर प्रश्न तुमच्या खरेपणाचा होतो आणि तो सोडवणं फार जड जातं.

आता कर्ज. १२० दिवसांहून जास्त थकलेलं देणं फॉर्ममध्ये सांगावंच लागतं, गेल्या सात वर्षांतलंसुद्धा. ही चौकशी उगाच नसते. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स १९८५ मध्ये सोव्हिएतांना माहिती विकू लागला, तेव्हा तो कर्जातच होता. नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट ही कारणं नियमावलीच मान्य करते, पण त्यानंतर तुम्ही काय केलंत तेही विचारते. आजच बँकेला फोन करून हप्ते बांधून घ्या आणि प्रत्येक हप्त्याची पावती जपा. नोटीस आल्यावर घाईघाईने फेडलेल्या पैशाला तेवढं वजन मिळत नाही.

तुम्ही दरमहा घरी पैसे पाठवता असंही लिहिलंय. कार्डं थकलेली असताना साताऱ्याला पैसे जातात, तिथे 'बी' आणि 'एफ' एकत्र येतात. आई-वडिलांची औषधं थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण भावाशी मोकळेपणी बोला, काही महिने रक्कम कमी करा, आणि पैसे कशासाठी जातात त्याचे कागद ठेवा.

हरकत निघालीच तर कारणं लेखी मिळतात आणि उत्तर द्यायला साधारण २० दिवस असतात. पुढे सुनावणीही मागता येते. कंत्राटदारांच्या माणसांबद्दलचे 'डोहा'चे, म्हणजे या सुनावण्या घेणाऱ्या संरक्षण खात्याच्या कार्यालयाचे, निकाल नावं काढून इंटरनेटवर टाकलेले असतात. भारतात घरचे असलेल्यांचे दोन-चार निकाल आज रात्रीच वाचा आणि फॉर्म त्यानंतर उघडा.