जावळाचा रविवार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज वाचला. रविवारी भाच्याचं जावळ. दादा म्हणतो बोकड कापू, मांडव टाकू, डीजे आणू. आणि कापूस अजून झाडावर, म्हणजे सगळा पैसा उसना. तुला वाटतं, मारुतीच्या पारावर रोडगे करावे, घरचे अन् शेजारपाजारचे जेवू घालावे, झालं. मला पटलं. पण हे दादाला फोनवरून ऐकवू नकोस. घरी ये, आणि शुक्रवारी रात्रीच ये. ऐन वेळी पाहुण्यासारखी उतरलीस तर तुझं कोणी ऐकायचं नाही.

आल्यावर आधी आजीजवळ बस. नवस तिचा आहे. तिला विचार, देवाजवळ नेमकं काय बोलली होतीस? माझा अंदाज, पोराचं जावळ तुझ्या दारात काढीन, नारळ फोडीन, चार लोक जेवू घालीन, एवढंच असेल. म्हाताऱ्या माणसांचे नवस मोजके असतात, त्यात डीजे कुठून येणार? बोकड खरंच बोलली असेल तर त्याचा निकाल तिच्याशीच बोलून लाव, तिला डावलून नको. देवाला बोललेलं काटेकोर पाळ. पोरगं मामाच्याच मांडीवर बसू दे, नारळ आजीच्याच हातानं फुटू दे. लोकांसाठी जे वाढत गेलं, त्याला मात्र खुशाल हात घाल.

आपल्याच जिल्ह्यातले शेंडगावचे डेबूजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, जन्म १८७६ चा. मुलीच्या बारशाला दारू-मटण वाढायचा रिवाज होता. त्यांनी गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद काय बोलले असतील, हे तुला सांगायला नको. पण बारसं केलंच की त्यांनी! रिवाज नको म्हणून पंगतच मोडली नाही. कर्ज काढून सण करू नका, हे पुढे ते जन्मभर सांगत राहिले, आणि सांगायची तऱ्हा बघ, कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न विचारायचे अन् उत्तर त्याच्याच तोंडून काढायचे. तूही दादाला एवढंच विचार, डीजेवाल्याचे पैसे कापसातून देशील का तुरीतून? मग गप्प बस. हेच तुला जड जाईल.

शनिवारी संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला जा. तुझा देवावर फारसा विश्वास नाही, ठाऊक आहे मला. तुकडोजी महाराजांनी अख्खं गाव एका जागी बसवायला ही प्रार्थना लावली, तेवढ्यासाठी बस. शिवाय तिथे खंजिरी वाजवणारे काकाच रविवारी गोवऱ्या रचणार आहेत.

त्यांच्याजवळून रोडगे शिकून घे. पारावर हे काम बाप्येच करतात, बाया फार तर वरणाकडे बघतात. तू सरळ जाऊन बस, भाषण न देता. कणीक घट्ट हवी, तेलाचं मोहन घातलेली. छोट्या गोळ्यावर तेल लावून दुसरी पारी, त्यावर तिसरी. गोवऱ्यांचा धूर पुरता गेल्याशिवाय रोडगा आत सारायचा नाही, नाहीतर वरून कोळसा आणि आतून कच्चा. फुगून तडकला की बाहेर काढायचा, फडक्यानं राख झटकायची, आणि गरम असतानाच फोडायचा. मधल्या थरातून वाफ निघते तेव्हा तूप सोडायचं. वांग्याची भाजी झणझणीत असली की डीजेची आठवण कोणाला येत नाही.

"लोक काय म्हनतीन?" असं वहिनी म्हणेलच. तिच्यावर चिडू नकोस, बोलणी तिलाच ऐकावी लागतात. तू सोमवारी पुण्याला असशील. म्हणून पाहुण्यांना निरोप तू स्वतः दे, तुझ्या नावानं. शिव्या तुझ्या खात्यात जाऊ दे.

दादा फुगला तर परात त्याच्यापुढे सरकव. एवढी कणीक मळायचं बळ घरात दुसऱ्या कोणाला आहे? वांगी मी आणते, माझ्या वाडीतली. तू फक्त तूप बघ, आणि हात आखडू नकोस.

तुझ्या,
शाळेतल्या बाई