गावाला माहीत असलेला खुनी पोलिसांना का सापडत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: तुमच्या कोकणातल्या गावी ८ वर्षांपूर्वी खून झाला, छडा लागला नाही. सगळा गाव एकाचंच नाव घेतो. मग पोलीस त्याला धरत का नाहीत? आणि त्याचं नाव इथे उघड लिहिलं तर तपास पुन्हा सुरू होईल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाव लिहू नका. पहिल्याला जरा वेळ लागेल, कारण आमच्याही गावात असंच 'सगळ्यांना माहीत' होतं, आणि त्या सगळ्यांत डोळ्यांनी काही पाहिलेला माणूस एकच होता. तो मी. आणि मी पाहिलं होतं ते चुकीच्या दिवशी.

आमचं गाव देवगड आणि मालवणच्या मधलं, किनाऱ्यालगत. १९९० च्या दशकातली गोष्ट. मी गावच्या ब्रँच पोस्टाचा मास्तर होतो, टपालही मीच वाटायचो. आमच्या पदाला तेव्हा 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' म्हणत, थोडक्यात ईडी. त्या काळी ईडी म्हटल्यावर कोणी घाबरत नसे, मनीऑर्डर आली म्हणून खूशच होत.

श्रावण संपत आला होता. गावातले एक वयस्कर गृहस्थ, मुंबईची नोकरी संपवून मोठ्या घरात एकटेच राहणारे, गुरुवारी सकाळी आपल्याच बागेत पंपाच्या खोपटाजवळ मरून पडलेले सापडले. डोक्याला जखम, बाजूला दोन नारळ. पहिला निष्कर्ष सगळ्यांनी एकमताने काढला: माडावरून नारळ पडला. पाऊस धो धो कोसळत होता, माणसाला असं भिजत कसं ठेवायचं म्हणून आम्ही सहा-सात जणांनी उचलून त्यांना पडवीत आणून ठेवलं. कोणीतरी तोंड पुसलं. बायकांनी पडवी झाडली. मी स्वतः पायांकडून धरलं होतं. पोलीस पाटलांनी वर्दी दिली, पोलीस दुपारी पोहोचले, तोवर निम्मा गाव त्या जागेवरून फिरून आला होता आणि उरलेलं पावसाने नेलं होतं.

आधी अकस्मात मृत्यूचीच नोंद झाली. शवविच्छेदनात डॉक्टरांना मानेच्या मागे धारदार हत्याराचे दोन वार दिसले. नारळ असे वार करत नाही. मग गुन्हा झाला ३०२ चा. तुम्ही विचारता छडा का लागत नाही. आमच्या बाबतीत तो त्या पहिल्या पाच-सहा तासांतच हातचा गेला होता, आणि तो घालवणारे आम्हीच होतो, चांगल्या हेतूने. पण हे कबूल करण्यापेक्षा खुनी शोधणं सोपं होतं.

शुक्रवारी तिठ्यावरच्या हॉटेलात चहा पिताना मी म्हणालो की बुधवारी संध्याकाळी त्या बाजूच्या पाणंदीत मला पाडेली भेटला होता, कोयता कमरेला, घामाघूम. बस, एवढंच. आता पाडेल्याच्या कमरेला कोयता असणार नाही तर काय फाउंटन पेन? माडावर चढून नारळ पाडणं हा त्याचा धंदा. पण रविवारपर्यंत 'घामाघूम'चं 'भिजलेला' झालं. पुढच्या आठवड्यात 'व्हाळात अंग धुवून आला' झालं. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले तेव्हा मलाच एकाने सांगितलं की त्या रात्री पाडेल्याला रक्ताचे कपडे धुताना कोणीतरी पाहिलं. कोणी पाहिलं? 'तुमच्या गावात राहून तुम्हांका म्हायत नाय?'

बाकीचे संशयितही होते, नाही असं नाही. सातबाऱ्यावर बावीस नावं असलेल्या घरात संशयितांना तोटा नसतो. एक पुतण्या होता, त्याचं काकांशी बागेच्या वाटणीवरून वाजलं होतं. गोव्याची दारू नेणारी दोन पोरं होती, त्यांना म्हाताऱ्याने बागेतून वाट बंद केली होती. पण पुतण्याचं नाव मोठ्याने घ्यायला लोक कचरत, त्याच्याकडे येणं-जाणं होतं. दारूवाल्यांचं नाव घेतलं तर संध्याकाळची सोय जायची. पाडेली मात्र बाहेरून येऊन वस्ती केलेला, ना भावकी, ना मानपान. गजालीत ज्याच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं, त्याचंच नाव टिकतं. हे मी तेव्हा ओळखलं नाही.

देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. विचारलं होतं एवढंच की माणूस गावातला की गावाबाहेरचा. उजवी पाकळी पडली, गावातला. देवाने नाव घेतलं नव्हतं; घरी जाईपर्यंत लोकांनी ते घेतलं.

पोलिसांनी त्याला पाच-सहा वेळा बोलावून नेलं. कोयता जप्त करून मुंबईला कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवला. आमच्या गावात कोयता नसलेलं घर दाखवा म्हणजे मी टपालखात्यातली नोकरी फुकट केली असं समजेन. काही महिन्यांनी सीए रिपोर्ट, म्हणजे तिथल्या रासायनिक तपासणीचा अहवाल आला, रक्ताचा अंश नाही. यावर हॉटेलातलं मत: 'कोयतो धुवन ठेवल्यान आसतलो.' म्हणजे रक्त सापडलं असतं तर खुनी, नाही सापडलं तर हुशार खुनी.

आता तुमचा मुख्य प्रश्न: मग धरत का नाहीत?

एक तर पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं २५ वं कलम तेच सांगत होतं, २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ते आहे. 'चार दणके द्या, बोलेल' म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. नार्को चाचणीचं नाव सगळे घेतात, पण २०१० च्या सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय ती करायला मनाई केली. दुसरं, साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं किंवा स्वतःच्या कानांनी ऐकलेलं सांगायचं असतं. 'गावात सगळे म्हणतात' हे वाक्य कोर्टात उच्चारताच वकील हरकत घेतो आणि ते तिथेच संपतं. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती फारसं कोणी सांगत नाही. खुनाच्या गुन्ह्यात अटक केलेला माणूस कोठडीत असला तर ९० दिवसांत आरोपपत्र द्यावं लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून घाईघाईने अर्धवट आरोपपत्र दिलं आणि तो निर्दोष सुटला, तर अपिलात निकाल फिरला नाही तर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. पुढे खरा पुरावा सापडला तरी. शहाणा तपास अधिकारी म्हणूनच हात राखून असतो. बाहेरून ते झोपल्यासारखं दिसतं. कधी कधी खरंच झोपलेलेही असतात, ते वेगळं.

गावानेच ठरवलेल्या नावाचं काय होतं याचं देशाने पाहिलेलं उदाहरण आठवा. मे २००८, नोएडा. आरुषी तलवारचा खून झाला, घरकाम करणारा हेमराज गायब, म्हणून १६ तारखेला संशय त्याच्यावर आणि त्याच्यासाठी बक्षीस जाहीर. १७ तारखेला हेमराजचा मृतदेह त्याच घराच्या गच्चीवर सापडला. एक दिवसभर देशाने मेलेल्या माणसाला खुनी म्हटलं. पुढे आईवडिलांना २०१३ मध्ये शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. मधल्या वर्षांत प्रत्येकाच्या घरात त्या प्रकरणाचा एक तज्ज्ञ बसलेला होता. आमच्याकडे तेच झालं, फक्त टीव्हीऐवजी तिठा होता.

माझा जबाब पोलिसांनी खुनानंतर आठ दिवसांनी घेतला. अशा जबाबावर आपली सही घेत नाहीत, कायद्यानेच घेऊ नये असं आहे, त्यामुळे आपण काय सांगितलं याचा कागद आपल्याकडे राहत नाही. मी बिनदिक्कत 'बुधवारी संध्याकाळी' सांगितलं. खोटं बोलत नव्हतो. पण तोवर तेच वाक्य मी पन्नास वेळा सांगून झालो होतो, आणि मला आठवत होतं ते माझं वाक्य, ती संध्याकाळ नव्हे.

थंडीत जत्रेला दशावतार झाला. संकासुराला मालवणीत काहीही बोलायची मुभा असते, कोणीतरी त्याच्या कानात घातलं असणार. तो म्हणाला, 'माडार चढणाऱ्यान माणसाक खाली पाडूचा नसता रे!' हशा झाला. मीही हसलो. पाडेली मंडपाच्या कडेला पोराला खांद्यावर घेऊन उभा होता. चार-पाच महिने कोणी त्याला बागेत बोलावलं नव्हतं. महिन्याभरात तो कुटुंबासह गोव्याला निघून गेला. गाव म्हणाला, बघा, पळाला.

मार्चमध्ये आमच्या ब्रँचची तपासणी होती. ओव्हरसियर यायच्या आधी मी वह्या चाळत बसलो होतो. वरच्या वाडीतल्या एका म्हातारीची मनीऑर्डर दिसली आणि माझे हात थांबले. पाडेली मला भेटला तो ती मनीऑर्डर देऊन परत येताना. त्याला मी 'तुझी पण येतली हा एक दिवस' असं म्हटल्याचंही आठवलं. वहीत ती दिल्याची तारीख मंगळवारची होती. बुधवारी तर दुपारपासून पाऊस लागला होता, एसटी आली नव्हती, टपालाची थैलीच नव्हती. मी घराबाहेर पडलोच नव्हतो. आणि एवढ्या पावसात माडावर चढतंय कोण?

खोटं का बोलू, दोन दिवस मी गप्प बसलो. मग वही घेऊन पोलिसांकडे गेलो. साहेब बदलून गेले होते. हवालदाराने वही पाहिली, म्हणाला लिहून द्या, मी लिहून दिलं. हॉटेलातही सांगितलं. एकाने 'आता तेका वाचवतास?' असं विचारलं, बाकीच्यांनी चहा संपवला. पाच-सहा जणांना मी एकेक गाठून विचारलं, तू सोताच्या डोळ्यांनी काय बघलंस? प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं. शेवटचा हॉटेलवाला, तो म्हणाला, 'माका तुमीच सांगलास मास्तर.'

पुढे त्या गुन्ह्यात 'अ' समरी झाली. याचा अर्थ लोक 'केस बंद' असा लावतात, ते चूक. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. पोलिसी भाषेत कायम तपासावर. खुनाला मुदत नसते, कागद उद्याही उघडता येतो. तुमच्या गावच्या प्रकरणातही बहुधा हेच झालं असेल, तर करण्याजोगं आहे ते सांगतो. ज्याने फिर्याद दिली त्याला, असा अहवाल कोर्टात जातो तेव्हा नोटीस मिळायला हवी आणि विरोध करता यायला हवा; मयताच्या घरच्यांना नोटिशीचा हक्क नसला तरी कोर्टात हजर राहून म्हणणं मांडता येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंत सिंग प्रकरणात तसं स्पष्ट केलं. नोटीस आली होती का, ते फिर्याद देणाऱ्याला विचारा. नवी माहिती असेल तर पुढील तपास करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १७३(८) होतं. अर्ज लेखी द्या, पोलीस अधीक्षकांकडे द्या, पोच घ्या. मी पोच घेतली नव्हती.

पण त्या अर्जात 'गावात बोलतात' यातलं काही घालू नका. तुम्ही स्वतः काय पाहिलं ते घाला. आणि लिहिण्याआधी त्या दिवसाला दुसरी कसली तरी खूण आहे का बघा, बाजाराचा वार, भरती-ओहोटी, दवाखान्याची चिठ्ठी, काहीही. इथे नाव लिहून मात्र काही साधणार नाही. उलट ओळख परेडची वेळ आली आणि साक्षीदाराने त्याचा फोटो आधीच मोबाइलवर पाहिलेला असला, तर ती परेड वाया. तुमचा माणूस खरोखर खुनी असेल तर त्याच्या वकिलाला तुम्ही आयता मुद्दा दिलात. नसेल तर अब्रुनुकसानी तुमच्यावर.

आमचा पाडेली खुनी नव्हताच असं मी म्हणत नाहीये. मंगळवारी भेटलेला माणूस बुधवारी काय करत होता ते मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते इतकंच की त्याच्याविरुद्ध जे होतं ते माझ्या तोंडून निघालेलं होतं.

सोळा-सतरा वर्षांनी तो पोस्टात आला. मुलाचं जुनं बचत खातं बंद करायचं होतं. केस पांढरे, एक हात कोपरात वाकडा, गोव्यात माडावरून पडला होता म्हणे. मी त्याला आत बसवलं आणि मंगळवारचं सगळं सांगितलं, वही, तारीख, हवालदार. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, 'मंगळवारी मी तुमच्याच बागेत नारळ पाडूक इल्लंय मा. तुमच्या आयेन चाय दिल्यान माका.'

आई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तिला कधी कोणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

'सही खय करू?' त्याने विचारलं. मी जागा दाखवली.